झाकणावरची तारीख

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे – परवा एका बाईंना अर्धं सांगितलं, आणि ते अर्धंच राहिलं. चार वर्षं होत आली, टाळतो आहे. आधी वाटायचं, योग्य वेळ आली की सांगू. मग वाटलं, वेळ निघून गेली. मग ज्यांना सांगायचं तेच गेले, आणि – लिहायला लाज वाटते – त्या दिवशी रडतारडता मला कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. आता विचारणारं कोणी उरलं नाही, म्हणून. माणसाला कशाकशाने सुटल्यासारखं वाटू शकतं, नाही?

तुम्ही मला ओळखत नाही, हे सोयीचं आहे. ओळखीच्या माणसासमोर मी पुन्हा काहीतरी झाकलं असतं.

माझं नाव दिनकर फडतरे. वय एकोणऐंशी. हडपसरहून मांजरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका सोसायटीत, तळमजल्यावर, एकटा राहतो. नोकरी सगळी ऊस संशोधनाच्या कामात गेली. प्रयोगशाळेत सहायक होतो. उसाच्या रसाचा एक थेंब काचेवर टाकायचा, एक छोटं दुर्बिणीसारखं यंत्र उजेडाकडे धरायचं, आणि आत दिसेल तो गोडीचा आकडा वहीत लिहायचा. एकतीस वर्षं हे केलं. आकडा मनासारखा आला नाही म्हणून बदलला, असं एकदाही झालं नाही. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी तसंच एक यंत्र छान चामडी पेटीत घालून भेट दिलं. त्या पेटीबद्दल पुढे सांगेन. सांगावंच लागेल.

पण हे रडगाणं समजू नका. मी आज चालतो-फिरतो, रात्री एका उशीवर आडवा झोपतो, सकाळी उठून स्वतःचा चहा स्वतः करतो. एके काळी यातलं काहीही धड होत नव्हतं. हे ज्यांच्यामुळे झालं त्यांची नावं मी रोज सकाळी मनात घेतो – एक डॉक्टरबाई, रक्त काढायला येणारी रूपाली, समोरच्या वहिनी. आणि वानखडे. सगळ्यात आधी वानखडे. इतका कृतज्ञ असलेला माणूस इतका अपराधी कसा असू शकतो? मलाही कळत नाही. पण दोन्ही एकाच छातीत राहतात खरं.

मनोहर वानखडे समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मूळचे अकोल्याकडचे. तरुणपणी कामाच्या शोधात पुण्याला आले आणि इथल्याच एका कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झाले. लोखंडाचा दांडा लेथवर फिरवत, केसाच्या जाडीचाही फरक पडू न देता कातणारा माणूस. तेही मापातले, मीही मापातला – म्हणून आमचं जमलं. मला ते ‘प्रयोगशाळा’ म्हणायचे. “काय प्रयोगशाळा, आज उशीर? नमुने खराब झाले का?” पन्नास वर्षं पुण्यात काढूनही मध्येच एखादा ‘राजेहो’ यायचाच त्यांच्या बोलण्यात.

पाण्याच्या टाकीमागे तीन सिमेंटचे बाक आहेत. संध्याकाळी आम्ही तिथे बसायचो – वानखडे, मी, आणि बँकेतून निवृत्त झालेले आगाशे. आमचा एक रिवाज होता. कोणाचा रक्ताचा रिपोर्ट आला की तो बाकावर मोठ्याने वाचायचा. साखर, कोलेस्टेरॉल, जे असेल ते. ज्याचा आकडा सुधारला त्याने राजगिऱ्याचे लाडू आणायचे. ज्याचा बिघडला त्याने थट्टा सोसायची. वाचून झालं की कागद हातोहात फिरायचा, कारण आगाशे बँकेतले – कागद डोळ्यांखालून घातल्याशिवाय त्यांना काही पटायचंच नाही.

आणि माझी तिथली ख्याती होती ती काढ्याची. अर्जुनाच्या सालीचा काढा. माझी पत्नी मालती गेली तेव्हा तिच्या उशाशी औषधांची एक भली मोठी पिशवी होती, आणि त्यातल्या कशानेही ती वाचली नव्हती. तेव्हापासून मी गोळ्यांच्या विरोधात बोलायला लागलो. गोळ्या खाणाऱ्यांची टिंगल करायला लागलो. साल आणायची, कुटायची, पुड्या बांधून वाटायची. मालतीचं नाव मी इथे ढाल म्हणून पुढे करत नाही. दुःख होतं ते पहिल्या वर्षी. पुढची तीन वर्षं नुसती ऐट होती.

मग मलाच दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग सपाटीवर, मग बुटाची नाडी बांधायला वाकलो तरी. मोजे काढले की पायावर त्यांची खूण तासभर राहायची. काढा दिवसातून तीनदा केला. सूज होती तिथेच.

फेब्रुवारीत एक दिवस मी दोन बस बदलून सदाशिव पेठेत एका डॉक्टरबाईंकडे गेलो. हडपसरला डॉक्टर नाहीत का? गल्लोगल्ली आहेत. पण तिथे कोणीतरी बघितलं असतं – काढेवाले फडतरे दवाखान्याच्या बाकावर!

बाईंनी माझ्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

“काढा घेतो मी,” मी म्हणालो.

“घेताय ना. हृदयाला कळवलंत का तसं?”

अशा त्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. हृदयावर ताण पडला, त्याच्या भिंती ताणल्या गेल्या, की हृदय स्वतःच एक हॉर्मोन तयार करून रक्तात सोडतं. ते किती सुटलंय ते रक्तातून मोजता येतं. प्रोबीएनपी म्हणतात त्या तपासणीला. “अहो, पेशंट खोटं बोलतात, डॉक्टर कधी चुकतात. हृदय मात्र गुपचूप तक्रार अर्ज टाकत असतं. आपण फक्त अर्ज मोजायचे.”

हे मला इतकं पटलं! एक थेंब घ्यायचा आणि आतलं खरं काय ते वाचायचं – मी आयुष्यभर दुसरं काय केलं होतं?

आकडा आला दोन हजार सहाशे. बाई म्हणाल्या, काहीशे असायला हवा होता. त्यांनी सकाळच्या दोन गोळ्या दिल्या, रात्रीची एक, आणि मीठ कमी करायला सांगितलं. मी एकही प्रश्न विचारला नाही. आकड्याशी वाद घालायची सवय मला नाही. घरी आलो, यंत्र कपाटात ठेवलं आणि त्या चामडी पेटीत गोळ्या ठेवल्या. पेटी उघडून बघायचं कोणाच्या मनात आलं नसतं.

तो रिपोर्ट मी बाकावर वाचला नाही.

तीन महिन्यांत सूज उतरली. जिना चढलो की फक्त गुडघे बोलायचे, छाती गप्प. मे महिन्यात पुन्हा रक्त दिलं. सातशे दहा. मला काय वाटलं सांगू? आनंद तर झालाच. आणि त्या आनंदाच्या भरात मी दोन्ही रिपोर्ट घेऊन बाकावर गेलो. दोन्ही मोठ्याने वाचले. हा फेब्रुवारीचा, हा आजचा.

“म्हणजे या वयात तुमचे हॉर्मोन वाढले होते,” आगाशे म्हणाले, “आणि आम्हाला पत्ता नाही? पेढे तरी वाटायचे.”

खूप हसलो. कागद फिरले. मग वानखड्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून विचारलं, “कशानं उतरला हो एवढा?”

तेव्हा एक शब्द पुरला असता. पण आगाशे बघत होते, वानखडे बघत होते, आणि इतक्या वर्षांची माझी सगळी ऐट माझ्याकडे बघत होती. “दुसरं काय,” मी म्हणालो. “काढा.”

दुसऱ्या दिवशी राजगिऱ्याचे लाडूही नेले.

आकडा खरा होता. कागद खरे होते. त्याखाली लिहिलेलं सगळं खरं होतं. खोटं फक्त मी सांगितलेलं कारण होतं – आणि मी मनाशी म्हणालो, यात कोणाचं काय बिघडलं? खरंच, त्या दिवशी कोणाचंच काही बिघडलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये वानखड्यांचे पाय सुजले.

त्यांच्या इथल्या डॉक्टरांनी तीच तपासणी करायला सांगितली. आकडा आला दोन हजार चारशे. वानखडे घाबरण्याऐवजी खूशच झाले. “आपली पत्रिका जुळली राजेहो!” त्यांना गोळ्या मिळाल्या. त्यांनी त्या शहाण्या माणसासारख्या घेतल्या, आणि पंधरा दिवसांत त्यांची चप्पल पुन्हा पायात शिरायला लागली. त्यांनी स्वतःहून काही बिघडवलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

पण दसरा जवळ आला. छप्पन साली वडिलांचं बोट धरून आठ वर्षांचे वानखडे नागपूरला दीक्षाभूमीवर उभे होते. पायांच्या गर्दीशिवाय काही दिसलं नाही, म्हणायचे, पण एवढ्या माणसांनी एकदम मोठ्याने म्हटलेले शब्द ऐकू आले, ते अजून ऐकू येतात. नोकरी लागल्यापासून त्यांनी दसऱ्याला नागपूर शक्यतो चुकवलं नव्हतं. यंदाही हडपसरहून बस निघणार होती. वस्तीतल्या बायका, मुलं, म्हातारेकोतारे – सगळ्यांनी मिळून ठरवलेली बस. आणि त्यांच्या गोळ्यांत एक लघवी होण्याची गोळी होती. ती घेतली की दर अर्ध्या तासाला उठावं लागायचं.

त्या संध्याकाळी आगाशे लवकर गेले. बाकावर आम्ही दोघंच. वानखडे बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिले. मग म्हणाले, “फडतरे, एक विचारतो. थट्टा नको.”

‘प्रयोगशाळा’ नाही, ‘फडतरे’ म्हणाले.

“तुम्ही गोळ्या घेत नाही ना? एकही नाही? फक्त काढा?”

त्या दिवशी सकाळी मी दोन गोळ्या घेतल्या होत्या. तुम्हाला वाटत असेल, मी क्षणभर तरी अडखळलो असेन. नाही अडखळलो. मी त्यांच्याकडे बघत म्हणालो, “एकही नाही.”

त्यांनी मान डोलावली. “कारखान्यात मी दुसऱ्याचं माप पुन्हा तपासल्याशिवाय काम पुढं सोडलं नाही कधी,” ते म्हणाले. “पण तुम्ही प्रयोगशाळेतले. तुमचं माप काय तपासायचं!”

आणि मी त्यांना सालीची मोठी पुडी बांधून दिली. प्रवासासाठी.

गोळ्या बंद करा असं मी म्हणालो नव्हतो. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल! म्हणालो नव्हतो, हे खरं आहे. त्याची गरज होती का?

ते नागपूरला जाऊन आले. आनंदात होते, बस एकदाही थांबवावी लागली नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. बरं वाटतंय म्हणून आल्यावरही गोळ्या सुरू केल्या नाहीत. अकराव्या दिवशी सकाळी शकुंतलावहिनींचा – त्यांच्या पत्नीचा – फोन आला. “भाऊजी, यांना बसूनपण श्वास येत नाही.” मी रिक्षा आणली. वाटेत वानखड्यांनी माझा हात धरला होता. त्यांच्या छातीतून पाण्यातून फुंकर मारल्यासारखा आवाज येत होता.

हॉस्पिटलात त्यांचा आकडा नऊ हजारांवर निघाला. तरुण डॉक्टर कागद घेऊन आले आणि चिडून म्हणाले, “गोळ्या कोणी बंद केल्या यांच्या?”

वानखड्यांनी नाकावरचा मास्क बाजूला केला. “मी. मीच केल्या.” आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं – मला धीर द्यायला. माझा कुठे उल्लेख होऊ देणार नाही, अशी ती नजर होती. मी पलंगाच्या पायाशी उभा होतो, हातात त्यांच्या चपला. माझं तोंड उघडलं नाही.

ते वाचले. पण डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसांत हृदयाचं जे गेलं ते पूर्ण भरून येणार नाही.

आता जे सांगणार आहे ते मला सगळ्यात जड जातं – मी केलं त्यापेक्षाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी वानखड्यांनी मला बोलावून घेतलं. पलंगावर टेकून बसले होते. मला वाटलं, कळलं. आता बोलतील. मी मनातून तयार होतो, थोडाफार. त्यांनी हात जोडले. मला. “फडतरे, तुमच्या काढ्याला नाव ठेवत नाही मी. पण आज तुमचा आकडा उतरलाय, उद्या चढला तर? माझं बघितलं ना? तुम्ही एकटे राहता. रिक्षा कोण आणेल? माझं ऐका, गोळ्या सुरू करा.”

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला वाचवायला निघाले होते ते! नऊ महिने गोळ्या खाणाऱ्या माणसाला विनवणी करत होते, की गोळ्या खा.

आणि मी काय केलं? मोठ्या मनाने तयार झालो. “तुम्ही म्हणता म्हणून,” असं म्हणालो. अगदी याच शब्दांत.

महिन्याभराने ते हळूहळू चालत माझ्या दाराशी आले, वहिनींचा हात धरून. त्यांच्या एका जुन्या जोडीदाराचं छोटं वर्कशॉप आहे, तिथे बसून त्यांनी माझ्यासाठी गोळ्यांची डबी केली होती. ॲल्युमिनियमची, आत तीन कप्पे, वर आट्यांचं झाकण. झाकण इतकं अलगद फिरतं की दोन बोटं पुरतात, आणि शेवटी असं बसतं की सांधा नखाला लागत नाही. अजून लागत नाही. झाकणावर बारीक अक्षरांत त्यांनी एक तारीख कोरली होती. मी गोळ्या ‘सुरू केल्या’ ती नोव्हेंबरातली तारीख.

आयुष्यभर एकही चुकीचं माप धातूवर न उमटवलेला माणूस. आणि त्याच्या हातून मी खोटी तारीख कोरून घेतली.

त्यानंतर ते तीन वर्षं होते. त्या तीन वर्षांबद्दल मी ज्याचे त्याचे किती आभार मानू? दर तीन महिन्यांनी मी सकाळी त्यांच्याकडे जायचो. रूपाली स्कूटरवरून यायची आणि दोघांचं रक्त एकाच वेळी काढायची. “आधी फडतऱ्यांचं काढ बाई,” वानखडे म्हणायचे, “ते नवीन पेशंट आहेत, घाबरतात.” रूपाली म्हणायची, “काका, तुम्ही दोघं मूठ आवळा आणि भांडण नंतर करा.” मग वहिनींचे पोहे, मिठाला बेताचे. रिपोर्ट आले की बाकावर वाचन. त्यांचा आकडा कधी हजाराच्या खाली आला नाही; माझा पाचशेच्या आत आला. माझा उतरला की लाडू तेच मागवायचे. आगाशांना सांगायचे, “या माणसाला गोळ्यांवर मी आणलं बरं का.” आगाशे म्हणायचे, “हो हो, सोसायटीच्या पाटीवर लिहून लावू.”

मी हसायचो. मी त्यांना ते श्रेय घेऊ देत होतो, त्यात माझा मोठेपणा आहे, असंसुद्धा एक-दोनदा वाटलं मला. बघा म्हणजे.

एकदा मी सुरुवात केली होती. बाकावरच. “वानखडे, मला एक सांगायचंय.”

“आधी सांगा, सकाळच्या घेतल्या का?”

मी डबी काढून झाकण उघडून दाखवलं. सकाळचा कप्पा रिकामा होता. ते इतके समाधानाने हसले, की मी झाकण लावलं, आणि तोंडही.

आणि दसरा. तीन दसरे. ते सकाळी अंघोळ करून पांढरा सदरा घालायचे आणि पलंगावर ताठ बसून टीव्हीवर नागपूर बघायचे. मी शेजारी खुर्चीवर. गर्दी दाखवली की पुढे वाकून बघायचे, कोणी ओळखीचं दिसतंय का. “पुढच्या वर्षी आकडा उतरला की जाऊ. तुम्हीपण चला, प्रयोगशाळा.” मी “जाऊ” म्हणायचो. त्या तीन दसऱ्यांना त्यांनी नागपुरात असायला हवं होतं. ते त्या पलंगावर का होते, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. घरी बुद्धवंदना झाली तेव्हा वहिनींनी आलेल्या लोकांना माझी ओळख करून दिली – “हे भाऊजी. यांनी तीन वर्षं एकही तपासणी चुकू दिली नाही त्यांची.” मी खाली मान घातली. लोकांना तो विनय वाटला असेल.

तेव्हापासून वहिनी दुपारचा डबा पाठवतात. मी नको म्हणून पाहिलं. “दोघांचा करायची सवय आहे,” एवढंच म्हणाल्या.

परवा त्या स्वतः डबा घेऊन आल्या. जरा बसल्या, आणि पदराआडून एक कागद काढला. त्यांचेही पाय सुजायला लागले होते. डॉक्टरांनी तीच तपासणी केली. कागदावर तोच शब्द, प्रोबीएनपी, आणि पुढे आकडा – हजाराच्या वर.

“तीन गोळ्या दिल्यात भाऊजी,” त्या म्हणाल्या. “त्यात ती सारखं उठवणारी आहे. माझे गुडघे हे असे. मला वाटलं, तुमचा आकडा तर तेव्हा काढ्यानंच उतरला होता. यांना प्रवास भोवला. मी तर घरातच असते. तुम्ही दिलेली साल अजून डब्यात आहे. महिनाभर काढाच करून बघू का?”

चार वर्षं! मला वाटत होतं, ते खोटं वानखड्यांबरोबर गेलं. ते त्यांच्या स्वयंपाकघरात, घट्ट झाकणाच्या डब्यात, चांगलं जिवंत होतं. आणि आता दुसऱ्यांदा, त्याच घरातून, तोच प्रश्न माझ्यासमोर आला होता.

“नाही,” मी म्हणालो. “काढ्याने नव्हता उतरला.”

“मग?”

“गोळ्यांनी. मी तेव्हाही गोळ्याच घेत होतो. ते नागपूरला गेले त्याच्या आधीपासून.”

त्यांनी टेबलावरच्या डबीकडे बघितलं. झाकणावरच्या तारखेकडे. एरवी त्या आपल्यासारखंच बोलतात, पण फार दुखावल्या की त्यांची माहेरची भाषा वर येते. “मग त्यायले काऊन नाही सांगतलं?” अगदी हळू आवाजात.

वानखड्यांनी मला स्पष्ट विचारलं होतं आणि मी ‘एकही नाही’ म्हणालो होतो, हे वहिनींना माहीत नाही. त्यांना वाटतं, माझं सांगायचं राहून गेलं. ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि आतून नुसता श्वास आला – चांगला, मोकळा, गोळ्यांनी दिलेला श्वास.

वहिनी उठल्या. माझ्या माठातून पाणी घेतलं, पदराच्या गाठीतून गोळी काढली आणि माझ्यासमोर उभं राहून घेतली. पेला धुऊन पालथा घातला आणि गेल्या.

काल डबा आला. मेथीची भाजी, दोन भाकरी, मीठ बेताचं. नेहमीसारखा. त्याचा अर्थ काय घ्यायचा, मी विचारलेलं नाही. खाल्ला. डोळे भरून आले, आणि खाल्ला. आजही आला.

पण वहिनींना जे सांगायचं राहिलं ते मुळात त्यांना सांगायचं नव्हतंच. ते ज्यांना सांगायचं होतं त्यांच्या शेजारी मी तीन वर्षं बसलो – बाकावर, पलंगाशी, सुई टोचून घेताना. इतकी छोटी गोष्ट होती. चार वाक्यांत मावली असती.

वानखडे, त्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत, थट्टा नको म्हणालात. त्या दिवशी सकाळी मी दोन गोळ्या घेतल्या होत्या. झाकणावरची तारीख नऊ महिन्यांनी चुकलेली आहे, आणि ती चूक तुमच्या हाताची नाही. चुकलं माझं.